कार्टूनवाल्या कवळीबाई

"मुलं कुठायत?"

हा प्रश्न कवळीबाईंना दरवर्षी सिनेमागृहाच्या दारात विचारला जायचा आणि दरवर्षी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दारावरचा माणूस बदलायचा, प्रश्न काही बदलायचा नाही. अ‍ॅनिमेशनच्या खेळाचं तिकीट हातात घेऊन पन्नाशी उलटलेली बाई एकटी उभी आहे, म्हणजे तिची नातवंडं मागे कुठंतरी रेंगाळली असणार, असं जगाने ठरवूनच टाकलेलं. "मुलं नाहीत. मीच आहे," असं बाई सांगायच्या. मग तो माणूस आधी तिकिटाकडे बघायचा, मग बाईंकडे, मग पुन्हा तिकिटाकडे. दोघांपैकी एक नक्की खोटं आहे, असा त्याचा चेहरा असायचा.

बाईंचं खरं नाव आता पगाराच्या कागदावर उरलं होतं तेवढंच. दातांच्या लॅबमध्ये सगळे त्यांना कवळीबाई म्हणत, कारण कवळ्या त्या करायच्या. डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचा साचा यायचा, त्यावर बाई मेणाच्या हिरड्या चढवायच्या, एकेक दात बसवायच्या, मग घासणं, चमकवणं. खिडकीशी लांबलचक टेबल, त्यावर मान वाकवलेला दिवा, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ आणि समोर ओळीने मांडलेले बिनमालकाचे जबडे. "दिवसभर एवढी तोंडं माझ्याकडे बघून हसतात," बाई म्हणायच्या, "आणि घरी गेलं की एकाच्या तोंडावर हसू दिसेल तर शपथ."

शहरात दरवर्षी भरणाऱ्या फिल्म फेस्टिव्हलशी त्यांची गाठ पडली तीही कवळीपायीच. परीक्षक म्हणून आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी हॉटेलातल्या कडक टोस्टवर आपली कवळी मोडून घेतली. संध्याकाळी त्यांचं भाषण. डॉक्टरांनी ती घाईघाईने लॅबमध्ये धाडली, बाईंनी जोडून दिली, आणि पोचवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून स्वतःच घेऊन निघाल्या. गृहस्थ अंधारात बसलेले, खेळ चालू. दारावरच्याने बाईंना त्यांच्या शेजारच्या खुर्चीत नेऊन बसवलं. बाईंनी डबी पुढे केली. त्यांनी अंधारातच कवळी तोंडात चढवली, 'खट्' असा समाधानाचा आवाज झाला, आणि दात आल्याबरोबर त्यांना वाचा फुटली. "बसा हो," ते कुजबुजले, "ही पुढची तर बघाच."

बाई 'ही पुढची' बघायला म्हणून टेकल्या त्या टेकल्याच. पडद्यावर कागदाच्या कपट्यांचा एक कुत्रा आला. तो वाऱ्याला भ्यायचा, कारण वारा सुटला की त्याचा एक कान उडून जायचा. सबंध फिल्मभर बिचारा एका पंजाने कान धरून हिंडत होता. बाई खुदकन हसल्या, आणि थोड्या वेळाने गालाला हात लावून बघतात तर गाल ओले. त्यानंतरच्या फिल्ममध्ये मातीची माणसं होती आणि त्यांच्या गालांवर करणाऱ्याच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. मेणावर एक ठसा राहिला तरी बाईंना तो घासून काढावा लागे. इथे ठसे खुशाल हलत होते, बोलत होते, आणि कुणी ते पुसायला धावत नव्हतं. बाईंना ते फार आवडलं. का आवडलं हे कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. पण विचारणार कोण?

घरी येऊन त्यांनी सांगायचा प्रयत्न केला तेव्हा नवरा बुटाची नाडी सोडत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि दिवसभर वर-खाली करून घरी आला की त्याला कुठलीच हालचाल सोसायची नाही. "कार्टून बघून आलीस होय?" तो म्हणाला, आणि विषय संपला. तेव्हापासून तो शब्द बाईंच्या मागे लागला. लॅबमध्ये कार्टून, घरात कार्टून, गणगोतात 'आमच्या कार्टूनवाल्या काकू'. बाईंनी सुरुवातीला समजावून पाहिलं. एक-दोनदा तर चिडून, "मग तुमच्या सिनेमात ते हिरो उडत उडत मारामारी करतात ते काय असतं?" असंही विचारलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी बोलणं सोडलं आणि वर्षातली ती एक दुपार मुकाट्याने स्वतःसाठी राखून ठेवली. महोत्सवाच्या रविवारी छोट्या हॉलमध्ये अ‍ॅनिमेशनच्या शॉर्ट फिल्म्सचा खेळ असे, एकामागून एक नऊ-दहा, मध्ये फक्त क्षणभर अंधार. बाई पर्स मांडीवर घेऊन, पाठ टेकून, श्वाससुद्धा बेताने घेत ते सगळं बघायच्या.

पण तिथेही सुख कुठलं? पुढच्या रांगेत कुणीतरी हमखास तान्ह्या मुलाला घेऊन आलेलं असायचं, कारण 'अ‍ॅनिमेशन' लिहिलंय म्हणजे बाळ रमेल. पडद्यावर एखादी म्हातारी शांतपणे मरत असायची आणि बाळ भोकाड पसरायचं. शेजारचा तरुण प्रत्येक फिल्मनंतर मैत्रिणीला तिचा अर्थ सांगायचा आणि तो दरवेळी चुकीचा असायचा. कुणीतरी कुरकुरीत काहीतरी असं जपून खायचं, की त्यापेक्षा बेधडक खाल्लं असतं तर लवकर तरी आटोपलं असतं. बाई मनातल्या मनात सगळ्यांचे दात मोजायच्या आणि गप्प बसायच्या.

ह्या वर्षी मात्र महोत्सवाच्या आधी तिकीट काढायला गेल्या तेव्हा व्यवस्थापकाने त्यांना बाजूला घेतलं. हा माणूस बाराही महिने गळ्याला मफलर गुंडाळून असायचा, म्हणून बाई त्याला मनात मफलरवाला म्हणायच्या.

"तुम्ही नेहमीच्या, म्हणून सांगतो," मफलरवाला म्हणाला. "गेल्या वर्षी त्या खेळाला तुम्ही होतात, बाकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातले दोघं-तिघं झोपलेले. वरून नियम आलाय. ह्या खेपेला शेवटच्या फिल्मच्या आधी मी आत येऊन डोकी मोजणार. निम्मा हॉल भरलेला नसला तर पुढच्या वर्षीपासून हा खेळ बंद. त्या वेळात प्रायोजकांचं चर्चासत्र ठेवायचं म्हणतायत."

"चर्चासत्राला कोण कुत्रं येतं?"

"चर्चासत्रानंतर जेवण असतं," मफलरवाला म्हणाला.

बाई घरी आल्या त्या ठरवूनच. निम्मा हॉल म्हणजे काही डोंगर उचलायचा नव्हता. नेहमीची तुरळक माणसं धरली तर वर पंचवीस-तीस डोकी लागणार होती, आणि डोक्यांना सासरी तोटा नव्हता. दोन दीर, दोन जावा, पुतणे, पुतण्या, भाचे, त्यांच्या बायका, शिवाय ज्यांचं नातं नेमकं काय हे कुणालाच सांगता येत नाही असे पाच-सहा जण. अडचण एकच होती. ह्या सगळ्यांची किल्ली मोठ्या वन्संच्या हातात होती.

मोठ्या वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून त्या भावाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि तिथून सगळ्या घराण्याचा कारभार हाकायच्या. त्यांनी हो म्हटलं की सगळे हो म्हणणार आणि त्यांनी नाक मुरडलं की चहासुद्धा कुणी पिणार नाही. बाई जिना चढून वर गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा वन्संपुढे पदर पसरल्यासारख्या बोलल्या.

"कार्टूनला?" वन्संनी चष्मा कपाळावर सरकवला. "ह्या वयात?"

"कार्टून नाही हो वन्सं. फिल्म्स आहेत. चांगल्या असतात."

"माणसं असतात त्यात?"

"असतात. मातीची असतात, कागदाची असतात."

"म्हणजे नसतात," वन्सं म्हणाल्या. पण बाईंच्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी वाटलं असावं. "बरं, येते. माझ्यामागून सगळे येतील, त्याची तू काळजी करू नकोस. फक्त तिथं करायचं काय तेवढं सांग. मला ऐनवेळी हसं व्हायला आवडत नाही."

"करायचं काहीच नाही. गप्प बसायचं. फोन बंद ठेवायचा. खायचं नाही. आणि संपेपर्यंत उठायचं नाही."

"आणि संपलं की?"

"संपलं की उठायचं."

वन्संनी मान डोलावली आणि त्याच रात्री तो हुकूम घरोघर गेला. खेळात एक नव्हे तर दहा फिल्म्स असतात, हे सांगायचं बाईंच्या मनातही आलं नाही. इतकी वर्षं जाऊन जाऊन त्यांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की माणसाला हे ठाऊक नसेल ही कल्पनाच त्यांना शिवली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

रविवारी सगळं लटांबर सिनेमागृहाच्या दारात उभं राहिलं तेव्हा बाईंचा जीव अर्धा झाला होता. धाकट्या जाऊबाईंना लग्नाला जायचं असल्यासारखं नटून यायचं होतं म्हणून एक बस चुकली. थोरल्या दिरांनी निळा कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याला चुणी पडू नये म्हणून ते दुसऱ्या बसमध्ये सीटवर टेकायलाच तयार नव्हते. दारावरच्या माणसाने सवयीने विचारलं, "मुलं कुठायत?" बाईंनी मागे हात केला. "ही काय!" टकलं, चष्मे आणि सुटलेली पोटं बघून तो माणूस मुकाट्याने बाजूला झाला.

आत बसण्यावरून गोंधळ. एकाला खांबाआड नको, एकीला पंख्याखाली नको, आणि पंखा तर हॉलमध्ये कुठे नव्हताच. वन्संना कडेची खुर्ची हवी होती, ती मिळाली. नवरा बाईंच्या शेजारी बसला आणि बसताक्षणी म्हणाला, "इंटरव्हल किती वाजता?" दिवे मालवले तेव्हा बाईंनी मान वळवून पाहिलं. हॉल निम्म्याहून थोडा जास्तच भरला होता. इतकी माणसं त्यांनी ह्या खेळाला कधी पाहिली नव्हती. त्यांना एकदम भरून आलं आणि त्याच क्षणी कुणाचा तरी फोन वाजला.

पहिली फिल्म मातीची होती. एक म्हातारा आपल्या घराचं दार चौकटीसकट पाठीवर घेऊन हिंडतो. बाजारात थांबतो, दार जमिनीवर उभं करतो, टक्टक् करतो, मग वळसा घालून पलीकडे जातो आणि उघडून बघतो. कुणी नसतं. पुन्हा दार पाठीवर. शेतात उभं करतो, समुद्राच्या काठी उभं करतो, एकदा तर तिकिटाच्या रांगेत उभं करतो आणि मागचे लोक त्याच्यावर ओरडतात. टक्टक्, वळसा, कुणी नाही. शेवटी तो फार थकतो. माळावर दार उभं करून टक्टक् करतो, पण ह्या वेळी वळसा घालायला उठत नाही, तिथेच पाठ टेकून बसतो. आणि मग पलीकडून टक्टक् ऐकू येते. म्हातारा हसतो. दार उघडत नाही. अंधार.

हॉलमध्ये कुणी हूं की चूं करत नव्हतं. बाईंना वाटलं, बघितलंत? एवढंच मी सांगत होते इतकी वर्षं. पडद्यावर नावं यायला लागली.

वन्संनी पर्स उचलली, उठल्या आणि सरळ दाराकडे चालू लागल्या.

आत्या उठल्या म्हटल्यावर पुतणे उठले, पुतणे उठले म्हणून सुना उठल्या, जावा उठल्या, दीर उठले. खुर्च्या फटाफट मिटत गेल्या. बाई कुजबुजत्या आवाजात "अहो! बसा! अहो, बसा ना!" करत राहिल्या, पण संपेपर्यंत उठायचं नाही हे सगळ्यांनी इमानाने पाळलं होतं आणि संपलं की उठायचं हेही सगळ्यांना पाठ होतं. नवरा तर जाता जाता त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "छान होता हं. आटोपशीर." दुसरी फिल्म सुरू झाली तेव्हा तिच्या उजेडात रिकाम्या रांगा दिसत होत्या आणि त्यात बाई एकट्या, उघड्या तोंडाने बसलेल्या.

नुसतं बसून चालणार नव्हतं. मफलरवाला शेवटच्या फिल्मच्या आधी येणार होता. बाई उठल्या. इतक्या वर्षांत खेळ अर्धा टाकून त्या पहिल्यांदा उठल्या होत्या.

बाहेर लॉबीत सगळी मंडळी निवांत उभी होती. थोरले दीर शर्टाची घडी सारखी करत होते.

"एवढ्यासाठी एवढं आवरून आलो?" धाकटी जाऊ म्हणत होती. "पाच-सात मिनिटांत खेळ खलास! तिकिटाला काही अर्थ आहे?"

"वहिनी, सिनेमा बरा होता हं," थोरले दीर म्हणाले. "पण बस जास्त वेळ होती."

"अजून नऊ आहेत!" बाई ओरडल्या.

"नऊ काय?"

"सिनेमे! दहा असतात! एकामागून एक! तुम्ही पहिला बघून उठून आलात!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "मग आधी सांगायचं ना," नवरा म्हणाला. वास्तविक बरोबरच होतं त्याचं. पण बरोबर बोलायची ती वेळ नव्हती.

"कुणी विचारलं?" बाईंचा आवाज चढला. तिकीटखिडकीतला माणूस मान काढून बघायला लागला. "इतकी वर्षं मी इथं येतेय. तिथं काय असतं ग, असं एकाने तरी कधी विचारलं? कार्टून, कार्टून, कार्टून! भावजींच्या निवृत्तीच्या समारंभात मी सगळी भाषणं ऐकली, अगदी आभारप्रदर्शनापर्यंत. तुमच्या धाकट्याने नाटकात झाडाचं काम केलं, ते मी दोनदा बघितलं, जाऊबाई! झाडाचं! ह्यांची मॅच चालू असते तेव्हा मी पायाचा आवाज करत नाही. माझी वर्षात एक दुपार आहे. एकच. आणि आज हॉल निम्मा भरला नाही तर तीसुद्धा जाणार आहे. म्हणून तुम्हाला आणलं. तुम्हाला कळावं म्हणून नाही आणलं, नुसती डोकी म्हणून आणलं. तेवढं तरी द्या मला!"

नवरा बुटांकडे बघत होता. बाईंना रडू येत होतं आणि रडू येतंय ह्याचाच आणखी संताप येत होता.

"ऐकलंत ना?" मोठ्या वन्सं म्हणाल्या. "मग उभे काय राहिलात खांबासारखे? चला आत. ती म्हणेल तेव्हा उठायचं."

दारावरचा माणूस म्हणाला, चालू फिल्ममध्ये दार उघडायचं नाही, संपली की सोडतो. मग सगळे शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले आणि मधला अंधार आला तसे एकेक करून, एकमेकांचे पाय तुडवत आत गेले. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. सगळ्यांत शेवटी वन्संसाठी दार धरून त्या उभ्या राहिल्या, तर वन्सं भिंतीकडच्या बाकावर बसलेल्या.

"चला ना, वन्सं."

"तू जा. मला एक पुरे."

"अहो, पुढचे आणखी चांगले असतील."

"असतील. पण एक बघितलाय तो अजून इथं आहे," वन्संनी छातीवर हात ठेवला. "त्यावर लगेच दुसरा कसा घालू? तुम्ही लोक एका बैठकीत दहा कसे बघता ग? पचतात तरी कसे?"

हे बाईंच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. दारावरच्या माणसाने, "आत की बाहेर?" असं विचारलं. बाई म्हणाल्या, "बाहेर. एक मिनिट." दार मिटलं. मंडळी आत होती, हॉल भरला होता, दोन माणसांनी काय फरक पडणार होता?

"बस जरा," वन्सं म्हणाल्या. "मला एक सांग. शेवटी दारामागं कोण होतं? मी चष्मा पुसत होते, माझं बघायचं राहिलं."

"दाखवत नाहीत."

"दाखवत नाहीत म्हणजे काय? एवढं सगळं करायचं आणि नेमकं तेच दाखवायचं नाही?"

"तसंच असतं ते. आपण समजायचं."

"काय बाई एकेक," वन्सं वैतागल्या. "पण मला ठाऊक आहे कोण होतं. अगं, आमच्या ह्यांच्या खिशात चावी असायची. तरी रोज दार वाजवायचे. हात ओले असायचे माझे, काही ना काही चाललेलं असायचं. मी आतून ओरडायचे, चावी आहे ना, उघडा की! तर पुन्हा टक्टक्. रोज. इतका वैताग यायचा मला त्या टक्टक्चा. एकदा तर म्हटलं होतं, तुमच्यापेक्षा चोर बरा, तो आपला आपण येतो."

त्या हसल्या, पण हसू धड झालं नाही. बाईंना त्या घरात येऊन एवढी वर्षं झाली होती. वन्संनी यजमानांबद्दल हिशेबाच्या आणि आजारपणाच्या गोष्टी सोडून काही बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"त्याने दार उघडलं का नाही मग?" वन्संनी विचारलं. "तो म्हातारा. ऐकू आलं होतं ना त्याला?"

"मला वाटतं," बाई म्हणाल्या, "उघडलं असतं तर टक्टक् थांबली असती."

वन्संनी बाईंकडे बघितलं. "असं आहे होय ते," त्या म्हणाल्या. "हे सांग बघू पुन्हा. पहिल्यापासून. समुद्राकाठचं माझ्या नीट लक्षात नाही."

आणि बाई सांगायला बसल्या. बाजार सांगितला, शेत सांगितलं, रांगेतले लोक कसे ओरडले ते हातवारे करून सांगितलं. म्हाताऱ्याच्या गालावरचे बोटांचे ठसे सांगितले, ते पुसत का नाहीत तेही सांगितलं. वन्सं मध्ये मध्ये अडवून विचारत होत्या, दार कसलं होतं, कडी होती की नुसता बोल्ट, आणि बाई न वैतागता उत्तरं देत होत्या. आतून एका फिल्मचं संगीत संपलं, दुसरीचं सुरू झालं, तीही संपली. दर वेळी बाईंच्या मनात येई की आता उठावं. मोजणी व्हायची आहे. पण वन्सं पुढचं विचारत, आणि बाई बसून राहत.

शेवटी दार उघडून मफलरवाला बाहेर आला; पलीकडच्या दाराने तो कधी आत गेला होता ते दोघींना समजलंच नव्हतं. त्याच्या हातात आकडे मोजायचं टिकटिक यंत्र होतं आणि चेहरा पडलेला होता.

"तुम्ही इथं?" तो बाईंना म्हणाला. "अहो, थोडक्यात गेलं हो. निम्म्याला एक डोकं कमी."

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी वन्संकडे पाहिलं, वन्संनी त्यांच्याकडे.

"मग आम्ही दोघी आहोत की," वन्सं ताडकन म्हणाल्या. "मोजा."

"तुम्ही बाहेर आहात. मोजणी आतली असते."

"आत बसलेले सगळे बघत होते?"

"तसं काही नाही. निळ्या शर्टातले एक गृहस्थ घोरत होते. त्यांनाही धरलंय मी."

"तो माझा भाऊ!" वन्संचा आवाज लॉबीभर घुमला. "तो घोरतोय तो चालतो, आणि आम्ही इथं बसून तुमच्या त्या दाराचा कीस पाडतोय त्या चालत नाहीत? ही कुठली मोजणी?"

"नियम आहे, ताई," मफलरवाला म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं, पण वरून आलेल्या नियमापुढे खालच्या माणसाचं वाईट वाटणं कुठे टिकतं? मफलर सारखा करून तो आकडा लिहायला गेला. खेळ बंद झाला. इतकं साधं होतं ते.

मग हॉल सुटला आणि मंडळी बाहेर आली ती भांडतच. एक पुतण्या म्हणत होता माशाची फिल्म सगळ्यांत भारी, एक सून म्हणत होती तो मासा नव्हताच, तो तिचा बाप होता. धाकटी जाऊ डोळे पुसत होती आणि का रडतेय हे तिला सांगता येत नव्हतं. नवरा बाईंना शोधत आला आणि म्हणाला, "अगं, तू कुठं होतीस? ती लिफ्टवाली बघितलीस की नाही? चुकीची दाखवली आहे त्यांनी, दोर असा नसतो. पण म्हातारी वर जाते ना शेवटी, तिथं मला..." आणि त्याला पुढचा शब्द सापडला नाही. पुढच्या वर्षी लवकर येऊन पुढच्या रांगेत बसू, असं सगळ्यांचं ठरलं. पुढचं वर्ष नाही, हे त्यांना सांगायचं त्राण बाईंमध्ये नव्हतं. ते वन्संनी बसमध्ये सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, मफलरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांना रडायचं होतं, पण त्याआधी चिडायचं होतं आणि नेमकं कुणावर ते ठरत नव्हतं. नियमावर चिडून झालं. मफलरवाल्यावर, घोरणाऱ्या दिरांवर, सगळ्यांना पहिल्या फटक्यात उठवणाऱ्या वन्संवर, आधी न सांगणाऱ्या स्वतःवर, सगळ्यांवर चिडून झालं. जी माणसं इतकी वर्षं ढुंकून बघायला तयार नव्हती ती आता मागच्या सीटवर माशावरून हमरीतुमरीवर आली होती, आणि त्यांना दाखवायला आता काही उरलं नव्हतं.

शेजारी बसलेल्या वन्संनी कोपराने ढोसलं. "उद्या कामावरून आलीस की वर ये. आणखी एखादा सांग मला. पण एकच हं."

"तो बघायचा असतो वन्सं, सांगायचा नसतो!" बाई फिस्कारल्या.

"बघायचं तर तू आज बंद पाडलंस," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "येशील ना?"

येते, असं बाई म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या. त्यांनी स्वतःला एकदा नीट विचारून पाहिलं. निम्म्याला एकच डोकं कमी पडतंय हे आधी कळलं असतं, तर त्या बाकावरून उठून आत गेल्या असत्या का? वन्संना "पुढचं नंतर सांगते" म्हणून, समुद्राकाठीच सोडून? बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. नसत्या गेल्या. आणि सबंध दिवसात त्यांना सगळ्यांत जास्त राग आला तो ह्याचा.